बाहेरचा ठिपका

१

पत्र चार ओळींचं होतं आणि इंग्रजीत होतं. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या निशा केणेला मी ते मराठीत सांगितलं. तळाचा ओल दाखवणारा ठिपका लाल झाला आहे, त्यावरून तुमच्या लॅपटॉपला पाणी किंवा तसाच काही द्रव लागल्याचं आढळलं आहे, म्हणून वॉरंटी रद्द करण्यात आली आहे, दुरुस्ती हवी असल्यास खर्च तुमचा, सहकार्याबद्दल आभार.

"पाणी?" ती म्हणाली. "कुठलं पाणी?"

टेमघरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये तेव्हा मला पाच महिने झाले होते. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं होतं आणि लॅबमधली नोकरी मिळेपर्यंत काउंटरवर बसायचं ठरवलं होतं. सेंटर कंपनीचं नव्हतं. कंपनीच्या नावाची पाटी लावून ते यादवसर चालवत. मशिन उघडायचं काम सुमितचं, लिहायचं काम माझं. बिघडलेला लॅपटॉप घ्यायचा, तपासून फोटो पाठवायचे आणि कंपनी जे कळवेल ते ग्राहकाला सांगायचं. आपण पोस्टमन आहोत, असं यादवसर म्हणत. पत्रात काय आहे त्याला पोस्टमन जबाबदार नसतो.

निशा वळ गावची सून. पॉवरलूमवर विणायच्या साड्यांच्या काठांची नक्षी ती घरी बसून लॅपटॉपवर काढायची. निजामपुऱ्यातल्या एका कारखानदाराने तिला दिवाळीनंतरच्या पूर्ण हंगामाचं काम दिलं होतं, आणि ते लग्नानंतरचं तिचं पहिलं काम होतं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी लॅपटॉप बंद पडला. पंखा फिरे, दिवा लागे, पडदा मात्र काळा. आमच्याकडे आणण्याआधी तिने कंपनीच्या फोन नंबरवर अकरा वेळा तक्रार केली होती. दर वेळी तिला नवा तक्रार क्रमांक मिळाला आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. ते अकरा क्रमांक तिने वहीत एकाखाली एक लिहून आणले होते.

तिच्यासोबत तिचा नवरा मनोज होता. वळ गावात त्यांच्या जमिनीवर गोदामं आहेत, ती तो सांभाळतो. त्याने पत्र हातात घेतलं, उलटून पाहिलं, परत ठेवलं.

"सांडलं असेल तर सांग," तो तिला हळू आवाजात म्हणाला. "मी काय बोलणार नाय."

"सांडलंच नाही."

"मग ते लाल कसं झालं?"

तो रागावला असता तर तिने भांडण तरी केलं असतं. त्याने माफ करायची तयारी दाखवली होती, आणि न केलेल्या गोष्टीची माफी घेता येत नाही. नवीन लॅपटॉप पुन्हा मिळणार नाही हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. हा घेतानाच घरात पुष्कळ बोलणी झाली होती.

मी सांगितलं की फेरविचाराचा अर्ज करता येतो. मुदत सात दिवस, म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत.

"त्यात काय लिहू?" निशाने विचारलं.

मला ते माहीत नव्हतं. मी लॅपटॉप परत ठेवून घेतला.

२

ह्या मॉडेलला कंपनी दोन ठिपके चिकटवते. मसुरीच्या दाण्याएवढे, खास कागदाचे. एक बाहेर, लॅपटॉपच्या तळाला, एका छोट्या गोल खळग्यात. दुसरा आत, कीबोर्डच्या खाली. कोरडे असेपर्यंत दोन्ही पांढरे. पाणी लागलं की कागदाखालचा रंग वर येतो आणि ठिपका लाल होतो. एकदा झाला की परत पांढरा होत नाही. ठिपक्याचा फोटो पाहायचा आणि निकाल द्यायचा, एवढंच कंपनीचं तपासणं.

मी लॅपटॉप उलटा केला. बाहेरचा ठिपका लाल होता. मग सुमितकडून कीबोर्ड काढून घेतला. आतला ठिपका पांढराशुभ्र.

म्हणजे वरून चहा-पाणी काही सांडलेलं नव्हतं. सांडलं असतं तर कीबोर्डमधून आधी आत गेलं असतं. आलं असेल तर खालून. पण ओल्या टेबलावर ठेवला असता तर खळग्याच्या भोवतीचे रबरी पाय, धूळ, स्टिकरच्या कडा, कशावर तरी डाग दिसला असता. काहीच नव्हतं. फक्त खळग्यातला तो एवढासा ठिपका लाल, आणि तोही काठोकाठ.

मी रजिस्टर काढलं. दोन गोष्टी सापडल्या.

पहिली अशी की हेच मॉडेल, हाच बिघाड, पंखा फिरतो आणि पडदा काळा, असं तीन महिन्यांत आमच्याकडे आलेलं हे पाचवं मशिन होतं. आधीच्या चारांपैकी एकालाच नवा मदरबोर्ड मिळाला होता. बाकीच्या तिघांना तीन वेगवेगळी कारणं देऊन नाकारलं होतं: विजेचा दाब कमीजास्त, पावती अस्पष्ट, ठिपक्याचा फोटो नीट नाही. बिघाड बोर्डातच असावा असं सुमित कधीपासून म्हणत होता. कंपनीने तसं कधी लिहून दिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्याच अक्षरात होती. निशाचा लॅपटॉप एकोणीस सप्टेंबरला चार्जरच्या तक्रारीसाठी आला होता आणि मी लिहिलं होतं: "बाहेरचा ठिपका: पांढरा." मग तेरा ऑक्टोबरची नोंद पाहिली. दसऱ्यानंतरचा सोमवार, काउंटरवर गर्दी. ठिपक्याचा रकाना कोरा. खाली सही माझी.

मशिन आमच्याकडे आलं तेव्हा ठिपका पांढरा होता की लाल, हे मी पाहिलंच नव्हतं. फोटो पंधरा तारखेला कंपनीला गेला. मधले दोन दिवस लॅपटॉप सुमितच्या टेबलावर होता.

आणि महिन्याला ठरावीक संख्येपेक्षा जास्त बोर्ड मागितले की सुमितचा बोनस कापला जायचा, हे मला माहीत होतं.

३

सुमित माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आमच्याच वस्तीतला, त्याची आई चंपामावशी आणि माझी आई एकाच विहारात जातात. तो मला सायंटिस्ट म्हणायचा आणि रोज माझ्या डब्यातली एक भाकरी न विचारता उचलायचा. त्याला विचारणं सोपं नव्हतं. मी गोल गोल बोलले. दोन दिवस मशिन कुठे ठेवलं होतं, टेबलावर पाण्याची बाटली असते का, असं काहीतरी.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तू मला विचारतेयस की सांगतेयस?"

"विचारतेय."

त्याने ड्रॉवरमधून सेंटरचा कॅमेरा काढून माझ्यासमोर ठेवला आणि बाहेर निघून गेला. कॅमेऱ्यात तेरा तारखेचे फोटो होते. निशाच्या लॅपटॉपचा तळ, लाल ठिपका, कोपऱ्यात वेळ: अकरा वाजून बारा मिनिटं. फोटोच्या कडेला काउंटरची काच दिसत होती आणि काचेपलीकडे हिरव्या बांगड्या घातलेला, फॉर्मवर सही करणारा हात. माझ्या पावतीवरची छापील वेळ होती अकरा सतरा. म्हणजे निशा सही करत असतानाच त्याने मशिन पिशवीतून काढून फोटो घेतला होता. मी विसरले होते ते त्याने केलं होतं, आणि मी त्याच्यावरच संशय घेतला होता.

दुपारी त्याने माझ्या डब्याकडे पाहिलंही नाही. मी भाकरी पेपरवर काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि परत आले. तासाभराने तो एक भंगार लॅपटॉप घेऊन आला. त्याच मॉडेलचा. दोन्ही ठिपके पांढरे.

"कर प्रयोग, सायंटिस्ट," तो म्हणाला. "आणि पुढच्या वेळी सरळ विचारत जा. चोराला पण सरळ विचारतात."

ड्रॉपरने मी भंगार लॅपटॉपच्या ठिपक्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. चार सेकंदांत रंग वर आला. पण तो जांभळट गुलाबी होता आणि कडेला शाई टिपकागदावर फुटते तसा फुटला होता. आम्ही निशाचा लॅपटॉप शेजारी ठेवला. तिचा लाल वेगळा होता. विटकरीकडे झुकणारा, मंद, जरासा फिकट. कॉलेजच्या दिवसांतलं भिंग माझ्या बॅगेत होतं. त्यातून पाहिलं तर ठिपक्यावर बारीक कण दिसले.

रंग खालून वर आलेला नव्हता. तो वरून बसलेला होता.

मी कंपनीला फोन लावला. सदतीस मिनिटं वाट पाहायला लावणारं संगीत ऐकलं. मग एका मुलीने अतिशय नम्रपणे सांगितलं की फोटोत ठिपका लाल आहे. मी म्हटलं, तो पाण्याने झालेला नाही. ती म्हणाली, मग कशाने झालाय? कशाने, कधी आणि कोणी, हे लेखी द्या, त्या व्यक्तीच्या सहीसह, आणि फोटो जोडा. तिने मला बारावा तक्रार क्रमांक दिला.

यादवसर ऐकत होते. ते म्हणाले, "पोस्टमनने पत्राला उत्तर लिहायचं नसतं." मग म्हणाले, "ग्राहकासमोरच उघड. आपल्या टेबलावर काही करू नकोस. शुक्रवारी त्यांच्या घरी जा, मी काउंटरवर बसतो."

४

शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी खडखडाटात बुडालेल्या गल्ल्यांतून रिक्षा सरळ निघाली आणि वळ गावी पोचायला अर्धा तासही लागला नाही. वाटेत मी त्या कणांचा विचार करत होते. विटेची भुकटी? निशा निजामपुऱ्यात जाते, तिथला कापडाचा रंग? पण भुकटी उडून आली असती तर आजूबाजूलाही बसली असती. ही नेमकी ठिपक्यावर होती. कोणीतरी मुद्दाम, बोटाने लावल्यासारखी.

मनोज गोदामाच्या दारात एक ट्रक खाली करून घेत होता. घर मागच्या बाजूला आहे, पाचच मिनिटं थांबा, असं म्हणून त्याने मला वजनकाट्याजवळच्या खुर्चीवर बसवलं. काट्याला वाळलेला झेंडू अजून तसाच बांधलेला होता. लोखंडी पट्टीवर हळद आणि कुंकू. ट्रकच्या बोनेटवर तेच. हमालांच्या पोती ओढायच्या आकड्यांवरसुद्धा.

मी ते पाहत राहिले. दरवर्षीच दिसतं ते. रिक्षांवर, दुकानांच्या शटरवर, लूमवर. पण आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वंदना घ्यायची, संध्याकाळी खीर. हत्यारांची पूजा आमच्याकडे नाही. यादवसरही आमच्यातलेच, त्यांच्याकडे नाही, सुमितकडे नाही. चार दिवस आम्ही तिघं त्या लाल ठिपक्याकडे बघत होतो, आणि तिघांनाही ते सुचलं नव्हतं.

घरात शिरल्या शिरल्या मी निशाला विचारलं, दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली होती का.

"केली ना," ती म्हणाली. "पण वर केली, झाकणावर. एक बोट हळद, एक बोट कुंकू. आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसलं, मशिनला काही व्हायला नको म्हणून. खाली कोण लावेल?"

"उलटा केला नव्हतास?"

"नाही. आरती झाली, मग मी आणि हे सोनं द्यायला गावात गेलो."

"तेव्हा घरी कोण होतं?"

"कोणी नाही. आक्का होत्या फक्त."

आक्का म्हणजे मनोजची आई. त्या मधल्या दारात बसल्या होत्या, मी आल्यापासून. साठी ओलांडलेल्या, नऊवारी, कपाळ मोकळं. मनोजचे वडील जाऊन चौदा वर्षं झाली, हे निशाने मला सेंटरमध्ये कधीतरी सांगितलं होतं. विधवा बाई, म्हणजे दसऱ्याच्या पूजेत त्यांचा हात नसणार. मी त्यांच्याकडे पाहिलं ते फक्त नमस्कार करायला.

"चहा घे गो आधी," आक्का म्हणाल्या. "मग तुजा काय तो तपास कर."

त्या चहा ठेवायला उठल्या नाहीत, निशाच उठली. आक्कांची नजर माझ्या पिशवीवर होती.

५

आता एक अडचण होती, आणि ती रसायनाची होती.

हळदीत चुना घालून केलेलं खरं कुंकू आम्लात परत पिवळं होतं. लिंबाचा एक थेंब पुरतो. बाजारातल्या रंग घातलेल्या कुंकवाचं तसं होत नाही, ते लालच राहतं. पण लिंबाचा थेंब म्हणजे शेवटी पाणीच. तो मी ठिपक्यावर टाकला असता तर ठिपका खरोखरच लाल झाला असता आणि निशाचा पुरावा माझ्याच हाताने गेला असता.

म्हणून मी सेलोटेप घेतली. मनोजला बोलावून घेतलं. निशाने कॅमेरा धरला. लॅपटॉप उलटा ठेवून टेपचा तुकडा ठिपक्यावर दाबला आणि हळूच उचलला. टेपवर लाल गोल आला. दुसरा तुकडा, तिसरा. चौथ्याला ठिपक्याचा पांढरा कागद दिसायला लागला, किंचित तेलकट, पण पांढरा. कुठेही जांभळट गुलाबी नाही.

मनोज वाकून बघत होता. तो सरळ झाला आणि निशाकडे न बघता म्हणाला, "पाणी नव्हतंच."

"मी सांगत होते," निशा म्हणाली.

"हां. सांगत होतीस."

एवढंच बोलणं झालं, पण निशाने कॅमेरा खाली ठेवला आणि पदराने डोळे टिपले.

मग मी दोन बशा घेतल्या. एकीत टेपवरचा लाल, दुसरीत निशाच्या देवघरातल्या डबीतलं कुंकू. दोन्हींवर लिंबाचा एकेक थेंब. निशाचं कुंकू लालच राहिलं, थेंबही लाल झाला. टेपवरचा लाल मात्र आमच्या डोळ्यांदेखत नारिंगी झाला, आणि मग स्वच्छ पिवळा. हळदीचा पिवळा.

निशाने दोन्ही बशा पाहिल्या. "एकच ना? कुंकूच ना दोन्ही?"

"दोन्ही कुंकूच. पण हे तुझ्या डबीतलं नाही. हे घरी केलेलं आहे, हळद आणि चुन्याचं."

"असलं आता कोण करतं? ह्या घरात एकच डबी आहे."

मी उत्तर देणार होते. तोंडावर आलं होतं. घरी केलेलं, जुनं म्हणून जरासं फिकट. बोट तेलकट, म्हणजे समई लावणाऱ्याचं. लावणाऱ्याने वर न लावता तळाला लावलं, म्हणजे कोणाला दिसू नये म्हणून. आणि घरात त्या वेळी एकच माणूस होतं. सगळं जुळत होतं. कॉलेजमध्ये उत्तर जुळलं की मी हात वर करायचे.

मधल्या दारात आक्का उभ्या राहिल्या होत्या. एका हाताने चौकट धरून.

मी बशा एकात एक ठेवल्या आणि हात धुवायला मागे जाते म्हणाले. आक्का माझ्यामागून आल्या.

६

मागच्या पडवीत पाण्याचं पिंप होतं. आक्कांनी तांब्याने माझ्या हातावर पाणी घातलं. बराच वेळ घालत राहिल्या.

"तुला कललं ना," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुमच्यात लावतात का गो विधवा बाया?"

आमच्यात कुंकवाचा तसा नियम नाही, माझ्या आजीने आजोबा गेल्यावरही टिकली लावायची सोडली नव्हती, असं मी सांगितलं. आक्कांनी मान हलवली. मग त्या बोलल्या, तुटक, पिंपाकडे बघत. कुंकू त्या पूर्वी घरीच करायच्या, चांगल्या हळदीचं. मालक गेले त्या वर्षी केलेलं करंडाभर तसंच राहिलं. टाकवेना, म्हणून ट्रंकेत ठेवलं. दसऱ्याला पोरीने पूजा केली आणि लगेच पुसून टाकलं, ते त्यांना बरं वाटलं नाही. तिचं पहिलं काम. कोणीतरी मोठ्या बाईने हात लावायला हवा होता, आणि घरात मोठी बाई तर त्याच होत्या. सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी लॅपटॉप उलटा केला. तिथे गोल पांढरी जागा होती, कपाळावर असते तशी. त्यांना वाटलं, लावण्यासाठीच ठेवलीय.

"दोन दिसांनी बंद पडला," आक्का म्हणाल्या. "माज्या हाताचा गुण. मना सांगवला न्हाय. पोरीला सगले बोलत व्हते, तरी सांगवला न्हाय."

मी हात पुसले. मला सांत्वन करता येत नाही. मोजलेली गोष्ट तेवढी सांगता येते. मी त्यांना रजिस्टर सांगितलं. ह्याच जातीची पाच मशिनं बंद पडली आहेत. एक निजामपुऱ्यातल्या डॉक्टरांचं, एक कॉलेजात शिकणाऱ्या मनालीचं, एक वकिलांचं, एक शाळेच्या ऑफिसातलं. चारही दसऱ्याच्या आधी बंद पडली. त्या चारांना कोणी कुंकू लावलं नव्हतं. आत एक चिप असते, तिचं डाखकाम, म्हणजे बोर्डाशी जोडणं, कच्चं राहिलंय असं सुमित म्हणतो, आणि ते कारखान्यातच राहिलंय.

"पाच?" आक्कांनी विचारलं.

"पाच."

"आनि निशाचा धरून पाच का सोडून?"

"धरून."

त्यांनी बोटांवर चार मोजले आणि पाचव्या बोटाशी थांबल्या. मग तांब्या पिंपावर उपडा ठेवला.

मी म्हटलं की कंपनीला लावणाऱ्याची सही लागते, पण मी यादवसरांशी बोलेन, घरातल्या व्यक्तीने लावलं एवढं लिहून चालतं का ते बघू. नाव न घालता.

"चालंल का?"

खोटं बोलता आलं नाही. "बहुतेक नाही."

"मंग नाव लिव्ह," आक्का म्हणाल्या आणि माझ्या आधी घरात गेल्या.

७

जबाब मनोजने लिहिला. आक्कांना सहीपुरतं येतं, आणि निशा लिहिते म्हणाली तेव्हा मनोजच म्हणाला, मी लिहितो. टेबलाशी तो बसला, आक्का उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं, करंड्यापासून. घरात पंखा फिरत होता आणि बाहेर हमाल कोणाची तरी मस्करी करत होते. आक्कांचं सांगून झालं तरी मनोजचं पेन कागदावर तसंच टेकलेलं होतं.

"आक्का, ट्रंकेत कशाला ठेवलास?" तो म्हणाला.

"मंग कुठं ठेवू?"

तो लिहू लागला. निशा जाऊन सासूच्या शेजारी उभी राहिली, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी. आक्का तिला म्हणाल्या की तुला बोल लागले ते माझ्यामुळे. निशा म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी लावलंत ना? मग झालं." आणि पुढे, जरा चिडून, की निदान झाकण तरी बघायचं होतं, वर एवढी जागा होती.

आक्का हसल्या. मी आल्यापासून पहिल्यांदा.

मनोजने कागद मला दिला. तारीख, वेळ, लॅपटॉपचा क्रमांक, सगळं व्यवस्थित होतं. "दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास लॅपटॉपच्या तळाला असलेल्या पांढऱ्या ठिपक्यावर माझी आई गुणाबाई केणे हिने कोरडे कुंकू लावले. बोटाला समईचे तेल होते. पाणी नव्हते. घरातील मोठी बाई म्हणून कुंकू लावण्याचा तिला अधिकार आहे, हे आम्ही तिला चौदा वर्षांत कधी सांगितले नाही, ही चूक आमची आहे." खाली त्याची सही. आक्कांनी कागद डोळ्यांजवळ धरला, आपलं नाव ओळखलं, आणि त्याच्याखाली एकेक अक्षर जुळवत सही केली. त्याच्या आधी काय लिहिलंय ते त्यांना वाचता आलं नाही. मनोजने वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचताना तो दोनदा थांबला.

अर्ज सोमवारी संध्याकाळी गेला, मुदत संपायच्या तीन तास आधी. सोबत अकरा फोटो. कंपनीने आधी उत्तर दिलं नाही, मग भलत्याच ग्राहकाचं उत्तर पाठवलं, मग पुन्हा फोटो मागवले. यादवसरांनी आयुष्यात पहिल्यांदा कंपनीला स्वतःहून पत्र लिहिलं आणि त्यात पाचही मशिनांचे क्रमांक घातले. नोव्हेंबरच्या बारा तारखेला निशाचा बोर्ड आला. सुमितने तो चाळीस मिनिटांत बसवला. निजामपुऱ्याचा कारखानदार तोवर थांबला होता, कुरकुरत का होईना. बाकीच्या तिघांचं प्रकरण आम्ही पुन्हा उघडलं आहे. त्यांचा निकाल मी हे लिहीपर्यंत लागलेला नाही.

एक गोष्ट मी यादवसरांना सांगितली नाही. कंपनीला मराठी चालत नाही, म्हणून जबाबाचा इंग्रजी तर्जुमा मीच केला. तारीख, वेळ, तेल, पाणी, सगळं अचूक उतरवलं. शेवटचं वाक्य मात्र सोडून दिलं. कंपनीने जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात नव्हतं, आणि ज्यांना ते ऐकायचं होतं त्यांनी ते त्या शुक्रवारीच ऐकलं होतं.